मेडिकलच्या काउंटरवरची ती ट्यूब : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी चिठ्ठीशिवाय विकली जाणारी स्टिरॉइडची क्रीम आणि बिनलेबलच्या डब्या.

सन्माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. खरूज, गजकर्ण, मुरुम हे रोजचंच. पण बायकांच्या रांगेत सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, "डॉक्टर, हे वांग काही केल्या जात नाहीत." त्यातल्या बऱ्याच जणींच्या पर्समध्ये एक ट्यूब असते, शेपटाकडून गुंडाळत पार संपत आणलेली. काय लावता विचारलं की ती टेबलावर येते. कुणी दिली विचारलं तर उत्तरं ठरलेली : मेडिकलवाल्याने, पार्लरवालीने, जावेने, शेजारणीने. डॉक्टरचं नाव क्वचित निघतं, आणि निघालंच तरी ती चिठ्ठी दोन-तीन वर्षांपूर्वीची असते.

ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. शेवटचं नाव स्टिरॉइडचं. या त्रिकुटाची मूळ कल्पना 1975 सालची, क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन डॉक्टरांची. औषध वाईट आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः ते लिहून देते. रात्री, फक्त डागावर, साधारण आठ आठवडे, मग बंद, आणि मध्ये एकदा तपासणीला यायचं. माझ्यापुढे बसलेली बाई मात्र तेच दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ, पूर्ण चेहऱ्याला, पावडरच्या खाली लावत असते.

पहिल्या महिन्यात रंग खरंच उजळतो, आणि घोटाळा तिथेच आहे. डाग फिके होतात, चेहरा गुळगुळीत दिसतो, नणंद विचारते काय लावतेस, आणि आणखी एक ट्यूब विकली जाते. मग कातडी पातळ होत जाते. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, पुरळ येतं. उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. क्रीम बंद करून बघितलं तर दोन-चार दिवसांत आग, सूज, खाज. पुन्हा लावलं की आराम. "बंद केलं की भाजतं, म्हणून लावते," हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता मीच ते पुरं करते. स्टिरॉइडची ही सवय सोडवायला कित्येक महिने जातात, आणि तोवर मूळचे वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आलेले असतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं चोपडलं तर कातडीत निळसर-काळे ठिपके बसतात. त्यावर आजही धड उपाय नाही.

आपल्या वर्णाच्या त्वचेत हे सगळं जास्त का होतं, तेही थोडक्यात सांगते. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात संख्येने जवळपास सारख्याच असतात. फरक त्यांच्या कामात आहे. आपल्याकडे त्या रंगद्रव्याचे मोठे कण बनवतात आणि ते शेजारच्या पेशींमध्ये सुटे सुटे पसरवतात. उन्हापासून आपलं रक्षण होतं ते यामुळेच. पण याच पेशी जरा डिवचल्या तरी चवताळतात. मुरुम फोडला, वॅक्सिंगचा चटका बसला, डास चावून खाजवलं, तिखट ब्लीच लावलं, की आतली सूज उतरते आणि काळा डाग मागे राहतो. म्हणजे डाग घालवायला चेहऱ्यावर जितका अत्याचार करावा तितका डाग वाढतो. शिवाय सावळ्या कातडीवरची सूज लाल दिसत नाही. ती काळपट, जांभळट दिसते. आमची पाठ्यपुस्तकं बरीचशी गोऱ्या रुग्णांच्या फोटोंवर पोसलेली असल्याने नव्या डॉक्टरांच्याही नजरेतून ती निसटते.

आता कायद्याचं. केंद्र सरकारने 2018 मध्ये चौदा स्टिरॉइड मलमांची सवलत काढून ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणली. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बरीच वर्षं आवाज उठवला होता. आज या ट्यूबच्या बॉक्सवर लाल रेघ असते, आरएक्सची खूण असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा असतो. हे सगळं छापलेलं असताना ट्यूब मिळते मात्र टूथपेस्टसारखी. कुठल्याही पेठेत जाऊन "डागांवरचं क्रीम द्या" म्हणून बघा. चिठ्ठी कुणी मागत नाही. बिल मागितलंच तर डॉक्टरच्या नावाच्या रकान्यात 'सेल्फ' असतं, नाहीतर गावातल्या एखाद्या डॉक्टरचं नाव, ज्याला त्याचा पत्ताही नसतो.

सगळा दोष दुकानदारांवर ढकलणं मला पटत नाही. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, आणि शेजारी मागत नाही. एकट्याने नियम पाळणाऱ्याचं नुकसान होत असेल तर ते थांबवणं आपल्या खात्याचं काम आहे. आमची जमातही स्वच्छ नाही. ज्यांचा त्वचेशी संबंध नाही असे डॉक्टर ही ट्यूब सर्रास लिहितात. आणि आमच्यातलेच काही जण लग्नाआधीच्या 'ग्लो पॅकेज'मध्ये सावळ्या कातडीवर जोरदार लेझर आणि पील मारतात. त्याने भाजून झालेले डाग मग दुसऱ्या कुणाकडे तरी दाखवायला येतात.

ट्यूबवर निदान काय आहे ते छापलेलं तरी असतं. डबीवर तेही नसतं. पार्लरमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरून, आठवडी बाजारातून 'नाइट क्रीम', 'फॉर्म्युला क्रीम' म्हणून जी छोटी पांढरी डबी मिळते तिच्यावर कंपनी नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. पारा रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. सकाळी डोळ्यांखाली सूज, पावलांवर सूज, लघवीला फेस अशी सुरुवात होते. आपलं क्रीम आणि आपली लघवी यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीही "तोंडाला काय लावता?" हे विचारायची सवय करायला हवी.

केरळमध्ये ती सवय उपयोगी पडली. मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांना एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले. तशा 15 जणांपैकी 13 जण गोरं करणारी क्रीम वापरत होते. 2023 मध्ये हे प्रकरण उजेडात आलं आणि तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन सौंदर्य' नावाने दुकानांवर छापे घातले. त्याच वर्षी आपल्याकडे अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. आपल्या नियमांप्रमाणे डोळ्यांची प्रसाधनं सोडता इतर कुठल्याही प्रसाधनात पाऱ्याचं प्रमाण दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, तेही नकळत मिसळलेलं असेल तरच. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारावर भारताने 2018 मध्ये शिक्कामोर्तब केलं. नियमांची उणीव नाही. डबी उचलून प्रयोगशाळेत पाठवणारं माणूस हवं.

हे पत्र फक्त बंदी-छाप्यांचं होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडते. प्रत्येक काळा डाग क्रीम लावण्यासाठी नसतो. गेल्या आठवड्यात एक आई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीची मान मागून काळी, जाड, मखमलीसारखी झालेली, काखेतही तसंच. आईने आधी साबण, मग लिंबू-साखर, मग नायलॉनची घासणी असं सगळं करून पाहिलेलं. पोरीच्या मानेवर ओरखडे होते आणि "नीट अंघोळ करत नाही" ही बोलणी वेगळीच. तो मळ नव्हता. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर असं उमटतं. त्या मुलीला क्रीमची गरजच नव्हती. तिची साखर तपासायला हवी होती, वजन आणि पाळीबद्दल विचारायला हवं होतं. घासल्याने मान उजळत तर नाहीच, रोजच्या घासणीने काळेपण आणखी वाढतं. पाठीवर नायलॉनच्या जाळीने घासून घासून आलेले राखाडी पट्टे मी दर आठवड्याला बघते.

बोटांच्या सांध्यांवर काळेपणा आला तर बी-12 कमी असू शकतं. स्वस्तातल्या कुंकवातल्या रंगाने कपाळावर करडा चट्टा पडतो, आणि टिकलीच्या गोंदाने उलट पांढरा डाग येतो. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर नाकाच्या शेंड्यावर काळपटपणा येतो. 2024 च्या साथीनंतर पुण्यात अशी नाकं पुष्कळ दिसली. तो बहुधा काही महिन्यांत आपोआप जातो. पण "नाक काळं पडलं" म्हणून काउंटरवर जाणाऱ्याच्या हातात तीच ट्यूब पडते.

उपचार आहेत, आणि बरेचसे सौम्य आहेत. अझेलिक अ‍ॅसिड, नायसिनामाइड, निवडक रुग्णांना पोटातून ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी. तीही आधी रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास विचारूनच. या सगळ्याला महिने लागतात, पंधरा दिवस नव्हे. आणि सनस्क्रीन नसेल तर बाकीचं सगळं पाण्यात. वांग असणाऱ्या सावळ्या चेहऱ्याला नुसती अतिनील किरणं अडवून भागत नाही, साधा दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो. म्हणून लोह ऑक्साइड घातलेलं, मातकट रंगाचं सनस्क्रीन चांगलं. ते महाग पडतं. सप्टेंबर 2025 मध्ये पावडरवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, सनस्क्रीन मात्र 18 टक्क्यांतच राहिलं. चेहरा पांढरा दिसावा यावर कर कमी आणि तो जपावा यावर जास्त! हा विषय आपल्या खात्याचा नाही हे कळतं, पण जीएसटी परिषदेत जाणारे राज्याचे अर्थमंत्री आपल्याच मंत्रिमंडळात बसतात. ज्या बाईला हे परवडत नाही तिला मी पदर, ओढणी, मोठी टोपी सांगते. विडीच्या कारखान्यातून भर उन्हात घरी जाणाऱ्या बाईला तेवढंही मोठं असतं.

आपल्याकडून मला काय हवं, ते स्पष्ट लिहिते. घाऊक विक्रेत्याकडून दुकानात किती ट्यूब गेल्या हे जीएसटीच्या बिलांवर असतं. त्याची दुकानातल्या चिठ्ठ्यांशी तुलना करा. एखाद्या दुकानाने महिन्यात शंभर ट्यूब घेतल्या आणि चिठ्ठ्या चारच निघाल्या, तर निरीक्षकाला वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही. सुरुवात थोड्या जिल्ह्यांत करा, पण निकाल जाहीर करा. दुसरं, स्टिरॉइड असलेली डागांची क्रीम शेड्यूल एच-1 मध्ये घालावीत अशी शिफारस केंद्राकडे पाठवा. काही अँटिबायोटिक्स आणि झोपेच्या गोळ्या तिथे आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि किती माल दिला याची नोंद दुकानाला वेगळ्या वहीत ठेवावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. तशी वही आली की 'सेल्फ' लिहिणं अवघड होईल.

डब्यांचे नमुने पार्लरमधून आणि ऑनलाइन मागवूनही घ्या. पारा सापडलेल्या मालाची नावं मराठीत, फोटोसकट छापा. ज्या बाईला ती डबी विकली जाते ती इंग्रजी पीडीएफ उघडत नाही. आणि कारवाई होईल ती माल बनवणाऱ्यावर आणि पुरवणाऱ्यावर व्हावी. गल्लीतली पार्लरवाली बहुतेकदा स्वतःच तेच क्रीम लावत असते. तिला आधी समज द्या.

'गोरेपणा'च्या दाव्यांना औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्याखाली आणणारा मसुदा केंद्राने फेब्रुवारी 2020 मध्ये काढला होता. त्यात मोठ्या दंडाची आणि कैदेची तरतूद होती. त्याचं पुढे काय झालं, हे राज्याने विचारायला हरकत नाही. त्याच वर्षी एका प्रसिद्ध क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. काउंटरवरच्या मागणीत मला तरी फरक दिसला नाही.

शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलं तपासायला जातात, तेव्हा त्यांनी मानेकडेही एकदा बघावं, ही विनंती सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना. म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहे.

वेळेबद्दल एक सांगते. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि या ट्यूबांचा खप वाढतो. नवऱ्या, करवल्या, हल्ली नवरदेवसुद्धा. माझ्याकडे ते सगळे माघात-फाल्गुनात येतात, हळदीच्या फोटोंत उजळ आणि प्रत्यक्षात भाजलेले. तपासणी करायचीच असेल तर ती दिवाळीच्या आधी सुरू व्हावी.

कळावे,

आपली,
सोलापुरातील एक त्वचारोगतज्ज्ञ

प्रत : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य