अण्णांची बोटं आणि सात इंची टॅब

सांगली, गुरुवार

प्रिय पम्या,

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच. लिहितोय ते अण्णांसाठी.

पेपर मोठ्या अक्षरात वाचता यावा म्हणून त्यांना सात इंची टॅब आणला. पण त्यांचं बोट त्या काचेला कळतच नाही. एकदा टेकवतात, काही होत नाही. मग जोर लावतात. बोट जास्त वेळ टेकलं की भलतंच चिन्ह उचललं जाऊन सरकतं. टॅब आडवा धरला तर कीबोर्ड अर्ध्याहून अधिक जागा खातो, लिहिलेलं दिसत नाही.

काच दाब मोजत नाही, कातडी टेकल्यावर विद्युतभारात पडणारा बारीक फरक मोजते, हे तूच मला शिकवलंस. कातडी जाड, कोरडी झाली की तो फरकच क्षीण होतो. दुकानदाराने चिकटवलेला जाड गार्ड काढला, थोडा फरक पडला. सेटिंगमध्ये 'स्पर्श करून धरून ठेवण्याचा' वेळ वाढवला, आता चिन्हं पळत नाहीत.

पण काल अण्णांनी टॅब कपाटात ठेवला. म्हणाले, "माझ्याच बोटांत काही राहिलं नाही रे."

पम्या, ही ती बोटं! मार्केट यार्डात राजापुरी हळकुंड नुसतं मोडून ओल सांगणारी. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातली पोती उघडली की व्यापारी त्यांच्या हाताकडे बघायचे. तू दोनदा पैज लावलीस आणि दोन्ही वेळा भेळेचे पैसे भरलेस! त्या माणसाने स्वतःला दोष द्यावा, हे मला सहन होत नाही. २०१० साली ॲपलचा स्टीव्ह जॉब्झच म्हणाला होता ना, सात इंची टॅबसोबत बोटं घासून बारीक करायला सँडपेपरही द्या म्हणून? आणि २०१२ ला त्याच्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला. हे सांगितल्यावर अण्णा जरा हसले, पण टॅब कपाटातच.

मी सांगितलं की त्यांना वाटतं, पोरगा समजूत काढतोय. तुझं ऐकतील. कॅरमवरून तुमचा महिनाभर अबोला होता, तेव्हाही "पम्या खोटं बोलत नाही" असंच म्हणायचे. त्यांना फोन कर आणि चूक काचेची आहे हे नीट समजावून सांग. रबरी टोकाचं पेन मागवू का, तेही कळव.

वहिनींची बदली झाली का? छोटी शाळेत रमली? घराच्या कर्जाचं काय?

फोन संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी ते कट्ट्यावर असतात.

तुझा,
नान्या