बरगडीवरचा ठिपका आणि तुमचा एक प्रश्न

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

फेब्रुवारीत सांगलीहून पुण्याला प्रोस्टेट कॅन्सरच्या पेट (PET) स्कॅनसाठी आलेला पाटबंधारे खात्यातला निवृत्त माणूस, एवढ्यावरून तुम्हाला आठवणार नाही. खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला म्हणून तीन तास उशिरा पोचलेला पेशंट म्हटलं तर आठवेल. माझ्या वाट्याचं गॅलियम, म्हणजे स्कॅनसाठी टोचायचं किरणोत्सारी द्रव्य, तोवर वाया गेलं होतं, कारण ते दर 68 मिनिटांनी निम्मं होतं. तुम्ही रागावला नाहीत. ते गॅलियम देणाऱ्या जनरेटरला तुमच्यात गाय म्हणतात, एकदा दोहली की पुन्हा पान्हवायला चारेक तास लागतात, तोवर निवांत बसा, असं हसत सांगितलंत. संध्याकाळी माझ्यासाठी तिला पुन्हा दोहलीत.

माझी प्रोस्टेट 2021 मध्ये काढली. त्यानंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, जवळजवळ शून्यावर राहायला हवा. माझा 0.1 झाला, मग 0.24, मग 0.41. हाडांचा स्कॅन साफ, सीटी साफ. पस्तीस वर्षं कालव्यांच्या गळत्या शोधल्यात मी. पाणी मुरतंय एवढं गेज सांगतो, कुठे मुरतंय ते भराव चालत तुडवल्याशिवाय कळत नाही. इथे तुडवायचा कसा?

मुलाने कुठूनतरी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचा 2021 चा अभ्यास वाचून काढला होता. ऑपरेशननंतर आजार उलटलेले 165 पुरुष. ज्यांचं रेडिएशन पेट स्कॅन बघून आखलं, त्यांच्यातले 75.5 टक्के तीन वर्षांनी ठीक होते, नुसत्या जुन्या तपासण्यांवर आखलेल्यांत 63 टक्के. त्याने तो कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही पूर्ण वाचलात आणि म्हणालात, "त्यांचं औषध वेगळं होतं, कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए प्रथिनाला धरणारं नव्हतं. हे आकडे तुमच्या बाबांना जसेच्या तसे लावू नका." पुढे हेही सांगितलंत की पीएसए 0.5 च्या खाली असताना दहातल्या चारेक जणांतच काही दिसतं, आणि नाही दिसलं तर आजार नाही असं धरून चालू नका. स्कॅनचे पैसे भरण्याआधी हे कोण सांगतं?

दिसलं मात्र. ओटीपोटात उजवीकडे जेमतेम 5 मिलिमीटरची एक लसीकागाठ. सीटीने ती बारीक म्हणून सोडून दिली होती. तिथल्या पीएसएमए प्रथिनाला औषध चिकटलं, म्हणून ती चमकली. आणि डाव्या बरगडीवर एक फिकट ठिपका.

तो ठिपका बघून मुलाचा चेहरा उतरला. हाडात गेलं म्हणजे सगळा हिशेबच बदलतो, एवढं तोही वाचून बसला होता. तुम्ही रिपोर्टवर सही करण्याआधी बाहेर आलात आणि मला विचारलंत, "काका, मधे कुठे पडला होतात का?"

मी हिच्याकडे बघितलं. दिवाळीत आकाशकंदील लावताना स्टुलावरून पडलो होतो. घरात कुणाला बोललो नव्हतो, बाम चोळून महिनाभर कूस न बदलता झोपलो होतो. ते तिथे, तुमच्या दारात, सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं. हिचा तो कटाक्ष रेडिएशनपेक्षा जड गेला. तुम्ही त्या जागेचे बारीक काप पुन्हा बघितलेत. जुळत आलेलं फ्रॅक्चर निघालं. भरणाऱ्या हाडातही हे औषध थोडं धरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या एका प्रश्नामुळे मी हाडात पसरलेला पेशंट ठरलो नाही. आधी फक्त प्रोस्टेटच्या मोकळ्या जागेवर रेडिएशन ठरलं होतं. आता ओटीपोटातल्या लसीकागाठींचा भागही घेतला, त्या गाठीला जास्तीचा डोस दिला आणि सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं. रोज लघवी तुंबवून टेबलावर झोपायचं, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

गेल्या आठवड्यात पीएसए 0.02 आला. इंजेक्शनांचा असर अजून आहे, खरा आकडा पुढच्या वर्षी कळेल, हे ठाऊक आहे. तरी पेढे वाटले. तुमचे घेऊन मुलगा येतोय, घाट मोकळा असला तर वेळेत पोचेल.

यंदा आकाशकंदील नातवाने लावला. मला स्टूल धरायचं काम होतं, आणि माझ्यावर नजर ठेवायचं हिला.

आपला नम्र,
उशिरा आलेला पेशंट, सांगली