प्रतिजैविकांचे उलटे गणित

महोदय,

हुशार संशोधक नफ्यामागे जातात, ही तक्रार नेहमीची. प्रतिजैविकांच्या बाबतीत तरी मला ती अन्यायाची वाटते. रक्तदाबाची गोळी रुग्ण वर्षानुवर्षे घेतो. प्रतिजैविकाचा कोर्स आठ-दहा दिवसांत संपतो. त्यातही नवे प्रतिजैविक डॉक्टर राखून ठेवतात (आणि ठेवायलाच हवे, सर्रास वापरले, की जंतू त्यालाही दाद देईनासे होतात). मग खप होणार कसा? अमेरिकेतील अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मान्यतेनंतरही उत्पादन, विक्री आणि पुढच्या चाचण्यांचा खर्च सुरूच राहतो. नोव्हार्टिस या बड्या औषध कंपनीनेही २०१८ मध्येच या संशोधनातून अंग काढून घेतले. प्रयोगशाळाच बंद होत असतील, तर तरुण शास्त्रज्ञ कर्करोगाच्या औषधांकडे वळणारच.

ब्रिटनने २०२२ मध्ये दोन प्रतिजैविकांसाठी खपाशी न जोडलेली ठरावीक वार्षिक रक्कम देण्याचे ठरवले. आपल्याकडे नॅफिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या विकासाला ‘बायरॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेने हातभार लावला, हे चांगलेच झाले, पण अनुदान औषधाच्या विकासापर्यंतच पुरते. औषध बाजारात आल्यावर सरकारी रुग्णालयांसाठी अशा वार्षिक रकमेची हमी केंद्राने द्यावी.

– एक वाचक, पुणे