ब्रेकचा आवाज दाबण्याआधी तो ओळखावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला आहे आणि पावसाळाभर मुंबई-पुण्यातील इमारतींखाली उभ्या राहिलेल्या असंख्य मोटारी आता एकदम कोकणातल्या घाटांत उतरणार आहेत. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास येणारी तक्रार म्हणजे 'ब्रेक मारला की आवाज येतो' ही होय. तिला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते : 'काही होत नाही, चालवा', नाहीतर 'पॅड, डिस्क सगळेच बदलून टाका'. (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि पॅड म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबविणारे तुकडे.) औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे काम शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही दोन्ही उत्तरे अस्वस्थ करतात. आवाज कसा आहे, केव्हा येतो आणि कोणत्या चाकातून येतो, हे विचारल्यावाचून दिलेला सल्ला हा निव्वळ अंदाज असतो.

काही आवाज खरोखरच निरुपद्रवी असतात. ब्रेकची डिस्क बिडाची असल्यामुळे रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो, आणि पहिल्या चार-दोन ब्रेकांत पॅड तो खरवडून काढेपर्यंत घासल्यासारखा आवाज येतो. हँडब्रेक ओढून बरेच दिवस उभ्या ठेवलेल्या गाडीत मागच्या चाकांतील ड्रमला शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) चिकटून बसतात आणि निघताना 'टक्' असा आवाज होऊन सुटतात. म्हणून पावसाळ्यात गाडी सपाट जागी दीर्घकाळ ठेवायची असेल, तर हँडब्रेक सोडून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले आहे. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच त्या यंत्रणेमुळे पेडल थरथरते आणि घरघर ऐकू येते. अनेकजण घाबरून त्याच क्षणी पाय उचलतात, वास्तविक तेव्हा पेडल घट्ट दाबून ठेवायचे असते.

ज्या आवाजाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये, तो म्हणजे ब्रेक दाबल्यावर रोज, कोरड्या हवेतही येणारी बारीक, धारदार किंचाळी. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असतो. तो झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की अनेक पॅडवर मुद्दाम बसविलेली पोलादी पट्टी डिस्कला टेकते आणि चालकाला कळावे म्हणून आवाज करते. ही सूचना कोणी गाणी मोठ्याने लावून बुडविली, तर पुढचा आवाज जाड, खरखरीत असतो. तेव्हा थर संपून पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासत असते, थांबायला लागणारे अंतर वाढते आणि केवळ पॅडवर भागले असते तिथे डिस्कचाही खर्च माथी बसतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची सरकपिन (ज्यावर तो सरकतो ती) अडकलेली असेल तर आतला पॅड कितीतरी आधी संपतो. त्यामुळे चाक न उतरविता 'पॅड चांगले आहेत' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ब्रेक न दाबताही घासण्याचा आवाज येत असेल आणि दाबल्यावर तो बदलत असेल, तर बहुधा ब्रेक पकडून राहिलेला असतो. सरळ रस्त्यावर थोडे अंतर चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकच चाक इतरांहून जास्त तापलेले असले, तर दोष तिथेच शोधावा. एकाएकी सुरू झालेला कर्कश आवाज कित्येकदा डिस्क आणि तिच्यामागील पत्र्यात अडकलेल्या खड्याचा असतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूंऽऽ मात्र ब्रेकची नव्हे, चाकाच्या बेअरिंगची असते. ब्रेक लावताना एकदाच 'धप्' असे वाजले, तर कॅलिपरचे बोल्ट आणि लोअर आर्मचे (चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश पाहावेत.

आवाज बंद करण्यासाठी पॅडच्या तोंडावर तेल किंवा ग्रीस लावण्याचा प्रकार तर जिवावर बेतणारा आहे. पॅड शाबूत असूनही कंपनामुळे किंचाळी येत असेल, तर पॅडमागच्या पातळ पट्ट्या बदलून सरकपिनांना उच्च तापमान सोसणारे विशिष्ट ग्रीस लावणे हाच खरा उपाय होय. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडविणेही थांबले पाहिजे. ती फुफ्फुसात जाते आणि बहुतेक वेळा ती गॅरेजमधील पोरांच्या वाट्याला येते.

घाटातला सर्वांत मोठा धोका मात्र आवाजच देत नाही. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-3 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येते. कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की तापलेले ऑइल उकळून नळीत वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जाते. खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ऑइल दोन वर्षांनी बदलावे, एवढे पथ्य पुरेसे आहे.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते आणि तोवर तिचे ब्रेक तपासून घेण्याची सक्ती नाही. पीयूसीत केवळ धूर पाहिला जातो. म्हणजे गॅरेजचे बिल हाच ब्रेकच्या स्थितीचा एकमेव लेखी पुरावा उरतो. म्हणून सर्व्हिसिंगनंतर प्रत्येक चाकातील पॅडची उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून देणे आणि काढलेले जुने पॅड ग्राहकाच्या हाती ठेवणे परिवहन विभागाने बंधनकारक करावे, आणि तो नियम होईपर्यंत ग्राहकांनी स्वतःहून या दोन्ही गोष्टी मागून घ्याव्यात.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, चिपळूण