गाजर, गोथा आणि ऑगस्टातला बर्फ

साउदॅम्प्टन, इंग्लंड,
८ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलं होतं की इथली म्हातारी माणसं लढाईच्या दिवसांबद्दल अजून बोलतात का. बोलतात, भरभरून बोलतात. त्यांचं ऐकून मला नाद लागला आणि हल्ली शनिवारी मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसतो. त्या मथळ्यांनी किती हसवलं काय सांगू! पण हसून झालं की विचार येतो, तेव्हा हे वाचून लोकांनी काय काय केलं असेल. तेच लिहायला बसलोय.

ऑगस्ट १९१४ घ्या. पहिलं महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, इंग्रजांची फौज बेल्जियममधून मागे हटत होती. लोकांना चांगली बातमी हवी होती आणि ती त्यांनी घडवली. रशियाचं प्रचंड सैन्य म्हणे अर्खांगेल्स्क बंदरातून निघून स्कॉटलंडला उतरलं आणि खिडक्यांचे पडदे ओढून रात्रीच्या आगगाड्यांनी फ्रान्सकडे निघालं. वर्तमानपत्रांतही ते झळकलं. मग प्रत्यक्ष पाहिलेली माणसं गावोगाव सापडू लागली. कुणी दाढीवाले सैनिक पाहिले, कुणी फलाटावर त्यांच्या बुटांवरचा बर्फ पाहिला. ऐन उन्हाळ्यात, एवढा समुद्रप्रवास करून आलेला बर्फ! एक कथा अशी सांगतात की कुणा व्यापाऱ्याची तार होती, इतके हजार 'रशियन' लंडनला येत आहेत. ती होती अंडी. खरं-खोटं देव जाणे. शेवटी १५ सप्टेंबरला सरकारच्या वृत्त विभागाला जाहीर करावं लागलं की एकही रशियन सैनिक इंग्लंडमधून गेलेला नाही. तरी पुष्कळांना वाटलं, सरकार गुपित राखतंय!

ही अफवा निरुपद्रवी म्हणायची. पण त्याच वर्षी वर्तमानपत्रांनी एका भल्या माणसाला घरी बसवलं. आरमाराचे प्रमुख होते प्रिन्स लुई बॅटनबर्ग. जन्म ऑस्ट्रियातला, घराणं जर्मन, पण चौदाव्या वर्षी ब्रिटिश नागरिक होऊन आरमारात शिरले आणि तिथेच सारा जन्म घालवला. जर्मन नावाचा माणूस आरमार कसं चालवतो, असा ओरडा सुरू झाला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा आमच्या समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर, ऑस्बर्नच्या नाविक शाळेत शिकत होता.

पुढे १९१७ च्या जूनमध्ये जर्मन विमानांनी भरदिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. पॉपलरच्या एका शाळेतली १८ लहान मुलं त्यात गेली; तिथे मात्र हसू येत नाही. त्या विमानांचं नाव होतं गोथा. मथळ्यांत रोज गोथा, गोथा. आणि इंग्लंडच्या राजाच्या घराण्याचं नाव काय? सॅक्स-कोबर्ग-गोथा! पुढच्याच महिन्यात, १७ जुलैला, पाचव्या जॉर्जने घराण्याचं नाव विंडसर केल्याचं जाहीर केलं. बॅटनबर्ग मंडळी माउंटबॅटन झाली. बाबा, १९४७ साली दिल्लीत शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आलेला तो ऑस्बर्नच्या शाळेतला मुलगा. तुम्ही आम्हाला इतिहासात पाठ करून घेतलेलं नाव त्या आरडाओरड्यातून आलेलं आहे. १९५५ साली तो वडिलांच्याच पदावर, आरमाराचा प्रमुख म्हणून बसला. ते वाचून मला फार बरं वाटलं.

आता आई, तुझ्यासाठी. चिऊला चष्मा लागल्यापासून तू तिला रोज सकाळी गाजराचा रस पाजतेस, आणि ती नाक दाबून पिते, असं दादा सांगत होता. त्या रसामागेसुद्धा लढाईतल्या बातम्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० पासून, जर्मन विमानं रात्री येऊन शहरं जाळत होती. आमचं साउदॅम्प्टनही त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस जळालं. काळोखात शत्रूचं विमान शोधणार कसं? इंग्रजांनी एक छोटं रडार तयार करून थेट लढाऊ विमानातच बसवलं. इथून तासाभराच्या आत असलेल्या मिडल वॉलपच्या तळावर जॉन कनिंगहॅम नावाचा वैमानिक होता. त्याने १९-२० नोव्हेंबर १९४० च्या रात्री या यंत्राच्या मदतीने आपलं पहिलं विमान पाडलं. युद्ध संपेपर्यंत २०, त्यातली १९ रात्रीची. रडार तर गुप्त ठेवायचं होतं. मग सांगण्यात आलं की आमचे वैमानिक गाजरं खातात, म्हणून त्यांना अंधारात दिसतं. पेपरांनी ते आनंदाने छापलं. कनिंगहॅमला 'मांजराच्या डोळ्यांचा' असं नाव पडलं, जे त्याला मुळीच आवडत नसे.

जर्मन फसले का? त्यांच्याकडे स्वतःचं रडार होतं, गाजरावर ते कितीसा विश्वास ठेवणार! विश्वास ठेवला तो घरच्या लोकांनी. साखर आठवड्याला माणशी साधारण पाव किलो, रस्त्यावर दिवे बंद, आणि गाजरं मात्र भरपूर पिकलेली. अन्नखात्याने 'डॉक्टर कॅरट' नावाचं बॅग घेतलेलं गाजर चितारलं आणि सांगितलं, खा म्हणजे ब्लॅकआउटमध्ये दिसेल. डिस्नेच्या स्टुडिओतल्या चित्रकाराने अख्खं गाजर-कुटुंब काढून दिलं. गाजराचा जॅम, गाजराचं पुडिंग, आणि आइस्क्रीम मिळत नाही म्हणून मुलांच्या हाती काडीला टोचलेलं गाजर! त्या मुलांचे फोटो पाहून हसू येतं आणि पोटात कालवतंही.

मला मात्र राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. कनिंगहॅमच्या मागे जिमी रॉन्सली नावाचा सहकारी बसायचा. छोट्या पडद्यावरच्या हलत्या ठिपक्यांकडे बघून तो सांगायचा, डावीकडे, थोडं वर, आता हळू. बहुतेक विमानं त्या दोघांनी मिळून पाडली. त्या माणसाचं श्रेय वर्षानुवर्षं गाजराने खाल्लं.

आई, गाजर वाईट नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, तिथे गाजराचा उपयोग आहे. म्हणून तर आपल्याकडे लहान मुलांना त्या जीवनसत्त्वाचे डोस देतात. पण पोटभर जेवणाऱ्या मुलीला जास्त गाजर दिलं म्हणून तिची नजर वाढत नाही, आणि तिचा चष्मा लांबचं दिसत नाही म्हणून लागलाय. डोळ्याचा गोळाच थोडा लांबट झाला की तसं होतं, ते रसाने कसं बदलणार? चष्मा लावायला लाज वाटू देऊ नका, वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि शाळेतून आली की तिला अंगणात खेळू द्या. मुलांनी दिवसाउजेडी बाहेर जास्त वेळ घालवला तर असा चष्मा लागायचं प्रमाण कमी होतं, हे अलीकडच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बाजारात लाल गाजरं आली की हलवा कर, तो ती आवडीने खाईल.

बाबा, ७१ च्या लढाईत तुम्ही मुंबईत होता. काचांना काळे कागद चिकटवल्याचं तुम्ही सांगितलं आहे, पण तेव्हा चाळीत कोणकोणत्या अफवा फिरल्या, ते कधी सांगितलं नाहीत. जमेल तसं लिहून पाठवा, अक्षर लागलं नाही तर दादाला सांगा. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तेही कळवा.

आपला,
बाळू