भुवयांतला कोंडा आणि गल्ल्यावरची ट्यूब

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२.

विषय: चेहऱ्याला लावायच्या स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री आणि बिनस्टेरॉइडच्या मलमांची वानवा.

महोदय,
स.न.वि.वि.

हर्णैजवळ माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. चौदा वर्षं झाली. भुवया करायला बाई मान मागे टाकून बसली की तिचा चेहरा माझ्यापासून वीतभरावर असतो. दोरा फिरवताना केसांबरोबर पिवळसर, तेलकट पापुद्रा सुटतो आणि खालची कातडी लाल दिसते, असे दोन-तीन चेहरे आठवड्याला येतातच. जागाही ठरलेल्या: भुवया, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, कानामागची खाच. आमच्याकडे याला 'तोंडावरचा कोंडा' म्हणतात. कुणी अंगातली उष्णता म्हणून कोकम सरबत प्यायला सांगतं. डॉक्टर त्याला सेबोरिक डर्मटायटिस म्हणतात.

पत्र लिहायला निमित्त झालं एका मुलीचं. वय एकोणीस, आई बंदरावर मासळी विकते. साखरपुड्याआधी फेशियल करायला आली होती. दिवा जवळ ओढला तर गालांवर दोऱ्यासारख्या बारीक लाल शिरा, हनुवटीवर पुटकुळ्या, कानशिलांवर नव्यानं आलेली लव. मी हात आवरला. म्हटलं, काय लावतेस? तिनं पर्समधून चपटी झालेली ट्यूब काढली. "ताई, लावलं की दोन दिवसांत जातं. सोडलं की दुप्पट येतं." मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत क्लोबेटासॉल लिहिलेलं, म्हणजे जहाल स्टेरॉइड. दीड वर्ष ती ते रोज तोंडाला चोळत होती.

खोटं कशाला बोलू, काही वर्षांपूर्वी तसलीच ट्यूब मीही दोघी-तिघींना सुचवली होती. मला स्वतःलाच भुवयांत कोंडा व्हायचा, आणि मेडिकलवाल्यानं जे हातात ठेवलं ते मी लावत होते. पुढे चिपळूणच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांनी आधी झापलं आणि मग समजावलं.

मालासेझिया नावाची एक बुरशी असते. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि कातडीच्या तेलावर जगते. काही जणांची कातडी तिच्यावर भडकते; तीच ती लाली आणि त्याच त्या खपल्या. स्टेरॉइडनं ही भडक लगेच बसते, म्हणून बाईला वाटतं औषध लागू पडलं. बुरशी मात्र जागेवरच असते. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि बंद केल्यावर चेहरा आधीपेक्षा जास्त पेटतो. मग पुन्हा तीच ट्यूब. मी वर कोरडं दिसतं म्हणून खोबरेल चोळत होते. आमच्या घरात चटका, खरचटणं, कोरडेपणा, सगळ्याला खोबरेल! डॉक्टर म्हणाले, अहो, तुम्ही त्या बुरशीला जेवायला वाढताय.

मला मिळालं ते साधं मलम: कीटोकोनॅझोल, २ टक्के. दिवसातून दोनदा, चार आठवडे, आणि नंतर परत येऊ नये म्हणून आठवड्यातून दोनदा. स्टेरॉइडचा थेंब नाही. पहिल्या दोन दिवसांत काहीच झालं नाही, आणि लोकांचा धीर सुटतो तो इथेच. दुसऱ्या आठवड्यात खपल्या थांबल्या. सायक्लोपिरॉक्स, क्लोट्रिमॅझोल हीही त्याच कामाची बुरशीविरोधी मलमं. आग फारच असेल तर टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस, तीही बिनस्टेरॉइडची. सुरुवातीला झोंबतात आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच लावायची. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये याच आजारासाठी रोफ्लुमिलास्टच्या फेसाला मान्यता मिळाली. तेवढं लांबचं मी मागत नाही. स्टेरॉइड म्हणजे विष, असंही माझं म्हणणं नाही. सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस लावायला डॉक्टर देतात. माझं भांडण चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या जहाल ट्यूबशी आहे.

साहेब, आता आमच्या पट्ट्यातल्या दुकानांचं सांगते. त्या मुलीला घेऊन मी कीटोकोनॅझोलचं मलम शोधायला तीन दुकानं फिरले. एकात "परवा आणून देतो", दुसऱ्यात नुसता शॅम्पू, तिसऱ्यात "त्यापेक्षा हे घ्या, झटपट उतरेल". हे म्हणजे काय, तर तीच ट्यूब, गल्ल्यावर खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीला टेकून ठेवलेली. चिठ्ठी विचारली नाही, बिल दिलं नाही.

खरं तर कायदा आहे. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी. पूर्वी तिच्यात वरून लावायच्या औषधांना सवलत होती. मार्च २०१८ मध्ये केंद्रानं बरीच स्टेरॉइड मलमं त्या यादीत घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र कालवलेली मलमंही होती. ट्यूबवर तांबडी रेघ आणि इशारा छापलेला आहे. गिऱ्हाईक ते वाचत नाही, आणि दुकानदाराला वाचायची गरज वाटत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणं असं. औषध निरीक्षकांनी वर्षातून एकदा तरी साध्या वेशात, चिठ्ठी न घेता, किनाऱ्यावरच्या गावांतून ही ट्यूब मागून बघावी. शिमगा आणि गणपतीच्या आधी आले तर उत्तम, तेव्हा खप वाढतो, हे मी खुर्चीपाशी उभी राहून सांगू शकते. शेड्यूल बदलणं केंद्राच्या हातात आहे, हे कळतं; पण शेड्यूल एच-१ मधल्या औषधांसाठी रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते, तशी सक्ती निदान क्लोबेटासॉलसारख्या जहाल मलमांना लावा, अशी शिफारस आपलं सरकार दिल्लीला करू शकतं.

आणि दुसरी बाजू विसरू नका. नुसती ट्यूब उचलून नेलीत तर मुली ऑनलाइन मागवतील, नाहीतर चाकरमान्यांकडून मुंबईहून आणवतील. चांगलं मलम जवळ मिळायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात कीटोकोनॅझोलची ट्यूब का नसावी? हे खातं आपलं नाही, पण आरोग्यमंत्री त्याच मंत्रालयात बसतात, म्हणून एक प्रत त्यांना पाठवत आहे. चिपळूणला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. मासळी विकणारी बाई कोंड्यासाठी दिवस मोडत नाही.

त्या मुलीनं ट्यूब सोडली. पहिले तीन आठवडे तोंड इतकं सुजलं की साखरपुडा पुढे ढकलावा लागला. तिची आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

गिऱ्हाइकांकडून काढून घेतलेल्या अकरा ट्यूबा माझ्या खणात आहेत. निरीक्षक आले तर बॅच नंबरसकट दाखवीन. पार्लर सोमवारी बंद असतं.

आपली नम्र,
दापोली तालुक्यातली एक पार्लरवाली

प्रत: मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य