आधी सांग, दुखतं पायात की कंबरेत?

सांगली,
रविवार दुपार

प्रिय विन्या,

तुझा मेसेज आणि त्यामागून आलेले रिपोर्टचे फोटो मिळाले. मणक्याच्या ऑपरेशनबद्दल "तू करून बसलायस, तर मी करू की नको एवढंच सांग," असं लिहिलंयस. एवढंच सांगता येत नाही, म्हणून पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं की तुझं लक्ष उडतं.

आधी एका गोष्टीचा नीट विचार कर. तुला जास्त दुखतं कुठे, पायात की कंबरेत? मी ज्यांच्याकडून ऑपरेशन करून घेतलं त्या सर्जननी मला पहिला प्रश्न हाच विचारला. मी म्हटलं, दोन्हीकडे. ते म्हणाले, "शंभर रुपयांचं दुखणं आहे असं समजा. पायाला किती देता आणि कंबरेला किती?" मी पायाला नव्वद दिले. त्यावर ते म्हणाले, "मग आपण पुढे बोलू शकतो. उलटं सांगितलं असतंत तर मी सुरी हातात घ्यायला राजी नसतो."

दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते तिचं कवच चिरलं, की करंजीची कड फुटून सारण बाहेर यावं तसा आतला गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसतो. नस दबते कंबरेत, पण ठणका लागतो पायात. डॉक्टर तो बाहेर आलेला तुकडा काढतात, नस मोकळी होते, पायाचं दुखणं थांबतं. बस, या ऑपरेशनचं काम एवढंच. फुटलेली गादी नवी होत नाही. कंबर दुखायला स्नायू, सांधे, झीज, दिवसभर मांडी घालून बसणं अशी शंभर कारणं असतात, त्यांना हे ऑपरेशन हातही लावत नाही. आणि तुझ्या मेसेजमध्ये पायाचा उल्लेख एकदाच आहे, तोही "कधीकधी मुंग्या येतात" असा. बाकी सगळी कंबरच आहे लेका.

आता तो रिपोर्ट. 'डेसिकेशन' (गादी सुकणं), 'डिफ्यूज बल्ज' (गादीचा पसरट फुगवटा), 'डिजनरेटिव्ह चेंजेस' (झीज) वाचून तुझी झोप उडाली असणार, माझीही उडाली होती. पण २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांवर माणसांचे स्कॅन त्यात एकत्र करून पाहिले होते. पन्नाशीतल्या ठणठणीत माणसांपैकी ८० टक्क्यांच्या गादीत झीज दिसली आणि ६० टक्क्यांच्या गादीला फुगवटा. विशीतल्या पोरांतही ३७ टक्क्यांना झीज होतीच. म्हणजे आपल्या वयात हे शब्द केस पिकल्यासारखे आहेत. रिपोर्टमधला फुगवटा आणि तुझं दुखणं यांची सांगड बसते का, हे तुला हाताने तपासूनच कळतं. तुला तपासलं का कुणी? आडवं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला? टाचांवर चालायला लावलं? की फिल्म दिव्यावर धरली आणि तारीख दिली?

माझं कसं झालं ते तुला तुकड्यातुकड्यांत माहीत आहे. प्रेसमध्ये कागदाची रीम उचलताना उसण भरली, इथवर सगळं नेहमीचंच. शेक झाला, तेल झालं, पट्टा झाला. आत्या तर गल्लीतल्या एका पायाळू पोराला घेऊन आली, कंबरेला पाय लावायला. पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, लाजून चूर. मी पालथा, तो माझ्या कंबरेवर पाय टेकवून उभा आणि आत्या त्याला "जोर लाव रे" म्हणतेय. गुण आला नाही, पण घर आठवडाभर हसत होतं, तेही काही कमी नव्हे.

मग कंबर हळूहळू मागे पडली आणि डावा पाय पेटला. कुल्ल्यातून निघून मांडीच्या बाहेरून, नडगीवरून थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. बसणं सगळ्यात वाईट, म्हणून प्रुफं मी काउंटरवर उभ्यानेच वाचायचो. रात्री पोटऱ्यांखाली उशी घेऊन जमिनीवर पडायचो. गोळ्या चालू होत्या. त्यातल्या नसेच्या गोळीने दिवसभर गुंगी यायची आणि एका लग्नपत्रिकेवर मुलीकडचं आडनाव मुलाकडे गेलं.

नसेजवळ इंजेक्शनही घेतलं. काही दिवस स्वर्ग, मग पुन्हा तेच. इंजेक्शन वाया गेलं असं मात्र म्हणू नकोस. त्याने आराम पडला म्हणजे दबलेली नस हीच, हे पक्कं झालं.

आणि मग चप्पल. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. मारुती चौकातून चाललो होतो, मागून एक शाळकरी पोर ओरडलं, "काका, चप्पल!" पाहतो तर दहा पावलं मागे रस्त्याच्या मधोमध. सर्जननी पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला आणि स्वतःच्या एका बोटाने तो खाली दाबला. उजवा हलला नाही, डावा लोण्यासारखा गेला. त्या क्षणापर्यंत मी 'बघू, थांबू' या बाजूचा होतो. दुखणं सोसता येतं. पण नस ताकद सोडायला लागली की वाट बघण्यात तोटा असतो, हे मला तिथे पटलं.

नाहीतर थांबण्यात काही वावगं नाही, हे लक्षात ठेव. नेदरलँड्समध्ये अशाच पायदुखीचे २८३ रुग्ण घेऊन चाचणी केली होती, २००७ मध्ये ती छापून आली. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, निम्म्यांना सांगितलं थांबा, गोळ्या घ्या, चाला. लवकर केलेल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडचे जवळपास सगळेच बरे, फरक उरलाच नव्हता. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू जिरवून टाकतं. म्हणजे अंगठ्यासारखी भानगड नसेल तर ऑपरेशनने तू वेळ विकत घेतोस. तो घ्यावासा वाटणं चूक नाही, हातावर पोट असलेल्याला तीन महिने पाय ओढत बसणं परवडत नाही. फक्त काय विकत घेतोयस ते माहीत असावं.

तुझ्या सर्जननी स्क्रू आणि रॉड सुचवलेत, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे बांधून टाकणं, याने मात्र मी अस्वस्थ आहे. मलाही पहिल्या ठिकाणी हेच सांगितलं होतं, पहिल्याच भेटीत, पुढच्या आठवड्याच्या तारखेसकट. मी बाहेर आलो ते घाम पुसत. दुसऱ्या सर्जननी पुढे वाकवून एक आणि मागे झुकवून एक असे एक्स-रे काढले आणि म्हणाले, "मणका जागचा सरकत नाहीये, मग बांधायचा कशाला?" मणका खरोखर सरकलेला असेल, डळमळत असेल, तर स्क्रूचा उपयोग आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तुझ्या रिपोर्टच्या फोटोत मणका सरकल्याचं मला कुठे दिसलं नाही. मी प्रेसवाला, डॉक्टर नाही. म्हणूनच म्हणतो, फिल्म घेऊन दुसऱ्या माणसाकडे जा, आणि पहिल्याने काय सांगितलं ते आधी सांगू नकोस. आणि स्क्रूच घालायचे ठरले तर सिगारेट आधी सोडावी लागेल. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळून यायला त्रास होतो. वहिनींना हे वाक्य वाचून दाखवू नकोस, नाहीतर त्या आजच स्क्रू घाला म्हणतील.

आईची भीती वेगळीच. "मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो." तिच्या माहेरी कुणाचं तरी तसं झालं होतं म्हणे. सर्जननी तिच्यासाठी केसपेपरच्या मागे पेनने पाठीचा कणा काढला. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, माझी गादी चौथ्या-पाचव्यातली. तिथे खाली नुसत्या नसा असतात, दोऱ्यांसारख्या सुट्या. धोका शून्य नाही हेही सांगितलं: जंतुसंसर्ग, नसेच्या आवरणाला छिद्र, आणि शंभरात पाच ते पंधरा जणांत गादी तिथूनच पुन्हा फुटते. आईने तो कागद घडी घालून पोथीत ठेवला. अजून तिथेच आहे.

पैशाचं थोडक्यात. तुझी पॉलिसी काढून किती वर्षं झाली ते आधी पाहा. बऱ्याच पॉलिसींत गादी सरकण्याच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, अपघात सोडून. हे बारीक अक्षरात असतं. मला कॅशलेस मंजूर झालं, पण डिस्चार्जच्या दिवशी कागदपत्रांच्या नावाखाली संध्याकाळपर्यंत लॉबीत बसवून ठेवलं, आणि बसणं हीच तर मला बंदी होती!

ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही, मी झोपलेलो. पालथं घालून, दुर्बिणीतून, इंचभर काप. जाग आल्यावर पहिल्यांदा डावा पाय चाचपला. ठणका गेलेला. इतके आठवडे सतत चालू असलेलं मशीन कुणीतरी बंद करावं आणि मग कळावं किती आवाज होता, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट मुलीने उभं करून कॉरिडॉरमध्ये चालवलं.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही, ते मी सांगतो. पहिली लढाई पाठीशी नसून पोटाशी असते. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि जोर तर करायचा नाही. इसबगोल पहिल्या दिवसापासून चालू कर. अंथरुणातून सरळ उठायचं नाही. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर, मग पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या आणि हाताच्या जोरावर वर यायचं. वाकणं, उचलणं, पिळवटणं बंद. जमिनीवर बसणं बंद. आपल्या घरांत सगळं जमिनीवरच असतं हे तेव्हा समजतं: देव, पाट, गॅसचं सिलिंडर, चार्जरचा बोर्ड. पायमोजे बायको घालायची आणि दर वेळी म्हणायची, "शाळेला उशीर होतोय." भाचीच्या लग्नात मला पंगतीत बसता येईना म्हणून कोपऱ्यात टेबल लावून दिलं, आणि वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करता येत नाही म्हणून हात जोडले, तर एक काका रुसले ते रुसलेच.

तिसऱ्या आठवड्यात पायात पुन्हा कळ आली. जुनीच वाट, जुनाच अंगठा. पुन्हा फुटली असं धरून मी रात्रभर छताकडे बघत पडलो. सर्जनना फोन केला तर म्हणाले, दबून सुजलेली नस सावरताना अशी कुरकुरते, ताकद कमी होत नाहीये ना, मग चाला. चाललो. कळ गेली. या काळात मी घरी सगळ्यांवर विनाकारण खेकसायचो. तू तर आजारी नसतानाही खेकसतोस, वहिनींना आधी कल्पना देऊन ठेव.

आज हिशेब असा: पायाचं दुखणं नाही. अंगठ्याची ताकद महिन्यामहिन्याने परत आली, चप्पल आता जागेवर असते. पावलाच्या वरच्या भागात एक बधिर पट्टा राहिलाय, तिथे मुंगी चालली तर कळत नाही. आणि कंबर दुखते! सकाळी ताठ असते, पावसाळ्यात जास्त. त्याला व्यायाम, चालणं आणि अर्ध्या तासाने उठणं, हाच इलाज. ते मी ऑपरेशन न करताही करू शकलो असतो, आणि तुला नेमकं तेच आजपासून करता येतं. दुकानातली बैठक आधी मोड. उंच स्टूल घे, ठाण उलगडायला पोरगा ठेव. दोन-अडीच महिने नेमाने व्यायाम करून बघ आणि मग आपण पुन्हा बोलू.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. लघवी अडकली, संडासची जाणीव गेली, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तो बधिर झाला, किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नकोस, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि मला फोन कर. तिथे तासांचा हिशेब असतो.

या आठवड्यात मूळ फिल्म आणि सीडी दोन्ही घेऊन ये. फोटोवर कुठलाच डॉक्टर मत देणार नाही. मिरजेत माझ्या सर्जनची गुरुवारची वेळ घेऊन ठेवतो. एसटीने येऊ नकोस, सोलापूरहून मिरजेला रेल्वेने ये, आडवं पडून येता येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मध्या

ता. क. कमोडची खुर्ची विकत घेऊ नकोस. माझी माळ्यावर पडून आहे, लागलीच तर पाठवतो. एक पाय थोडा हलतो, तेवढा रबर बसवून घ्यावा लागेल.